कातळावरची चित्रे आणि त्यांची नावे

काही वर्षांपूर्वी जांबोटी भागातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने 'माझा परिसर' या विषयावर निबंध लिहिला होता. गावाजवळच्या रानातल्या एका कपारीविषयी त्यात एक वाक्य होते : 'ही कपार पांडवांनी एका रात्रीत कोरली, पण कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले.' मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात 'पुरावा?' असा प्रश्न लिहिला. वही परत घेताना तो एवढेच म्हणाला, "मॅडम, गावात तर तसंच म्हणतात." पुढच्या निबंधात त्याने गावाचे नावही काढले नाही. पाठ्यपुस्तकातली अजिंठ्याची माहिती नीट उतरवून दिली. मी त्याला चांगले गुण दिले.

त्या लाल रेघेचा विचार पुढे मला अनेकदा करावा लागला. जांबोटीच्या दोन्ही बाजूंना, पूर्वेला मलप्रभेच्या काठाने आणि पश्चिमेला चोर्ला घाट उतरून, प्राचीन माणसाची वस्ती आणि त्याची चित्रे पाहत फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. या ठिकाणांची पहिली नोंद अभ्यासकांच्या वहीत झालेली नाही. ती लोकांच्या बोलण्यात, नावांत आणि दंतकथांत झाली आहे. प्रस्तुत लेखात या ठिकाणांची ओळख करून देताना त्यांच्या नावांकडेही पाहण्याचा प्रयत्न आहे.

शब्दांची थोडी साफसफाई

दगडातल्या सगळ्याच पोकळ्यांना आपण सरसकट 'गुहा' म्हणतो. त्यामुळे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे निसर्गाने घडवलेला आडोसा. डोंगराच्या कड्याला पुढे आलेला दगडाचा छज्जा आणि त्याखालची सावली. अभ्यासक यासाठी 'शैलाश्रय' हा शब्द वापरतात. बोलीत त्याला 'कपार' म्हणतात, आणि 'कडेकपारी' हा जोडशब्द तर सर्वांच्या ओठांवर आहे. आदिमानव राहिला तो बहुतांशी अशा कपारींत. खोल अंधाऱ्या विवरात राहणे सोयीचे नसते. तिथे धूर कोंडतो, ओल असते आणि आधीच राहणारे कोणीतरी असते.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसाने छिन्नीने खोदून काढलेली वास्तू, म्हणजे 'लेणे'. संस्कृत 'लयन' आणि प्राकृत 'लेण' अशी या शब्दाची वाट आहे. नाशिकच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत 'लेण' हाच शब्द येतो. लयन म्हणजे आश्रयाची जागा. अंगावर घालायचे 'लेणे' हा वेगळा शब्द आहे, तो 'लेणे' म्हणजे परिधान करणे या क्रियापदाशी जोडलेला आहे. विद्यार्थी या दोहोंचा संबंध लावून 'डोंगराचा दागिना' असे काव्य करतात. ते वाचायला बरे वाटते, पण व्युत्पत्ती म्हणून चालणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दगडावरचे चित्र. त्याचेही दोन प्रकार आहेत. रंगाने काढलेले ते रंगचित्र, आणि दगड ठेचून, घासून किंवा कोरून काढलेले ते खोदचित्र. दुसऱ्या प्रकाराला पाश्चात्त्य अभ्यासक 'पेट्रोग्लिफ' म्हणतात. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे खडक आणि 'ग्लिफेन' म्हणजे कोरणे. आपल्याकडे कोकणातील संशोधकांनी रुजवलेला 'कातळशिल्प' हा शब्द आता सर्वमान्य झाला आहे. काटेकोर पाहिले तर शिल्पाला उठाव लागतो आणि या बहुतेक आकृती रेषेच्या आहेत. तरीही हा शब्द टिकावा असे मला वाटते, कारण त्यात 'कातळ' आहे. कुठल्या दगडावर आणि कुठल्या भूमीत हे घडले ते तो एका दमात सांगतो.

नदीबरोबर पूर्वेकडे

जांबोटीहून पणजीच्या रस्त्याने निघाले की कणकुंबी लागते. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात या गावांत छत्रीचाही उपयोग होत नाही, इतका पाऊस. हीच नदी खानापुरातून पुढे जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात विसावते आणि मग उघड्या, रखरखीत मुलखात शिरते. पट्टदकल आणि ऐहोळे तिच्या काठी आहेत, बदामी तिथून जवळच. सुमारे 300 किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगम येथे ती कृष्णेला मिळते. जांबोटीच्या हिरव्या रानातून निघालेल्या माणसाला बदामीच्या परिसरात पोचल्यावर आपण दुसऱ्याच देशात आलो असे वाटते. लाल वालुकाश्माचे उभे कडे, खुरटी झुडपे, आणि एप्रिलच्या दुपारी दगडातून येणारी धग. वाळवंट म्हणावे असा प्रदेश तो नव्हे, पण सावलीची किंमत तिथे कळते.

बदामीची चार लेणी प्रसिद्ध आहेत. त्यांतील तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेश याचा शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा लेख आहे. एवढा नेमका काळ सांगणारी लेणी थोडी, म्हणून इतिहासाच्या वर्गात त्यांचे महत्त्व मोठे. पण त्याच डोंगररांगेत, लेण्यांपासून थोडे चालत गेल्यावर, शिडलफडी नावाची जागा आहे. वालुकाश्माची एक प्रचंड नैसर्गिक कमान, तिच्या छताला भोके, आणि त्याखालच्या भिंतींवर लालसर रंगात प्रागैतिहासिक माणसाने काढलेली चित्रे. ती पुसट झाली आहेत. डोळे सरावेपर्यंत दिसत नाहीत. मग एखादा प्राणी, एखादी माणसाची आकृती हळूहळू वर येते.

कन्नडमध्ये 'सिडिलु' म्हणजे कडाडून पडणारी वीज. छताची भोके वीज पडून झाली असे स्थानिक लोक सांगतात, आणि जागेचे नावही त्याच कथेतून आले. भूशास्त्राच्या दृष्टीने ती झीज आहे. वारा, पाणी आणि उष्णता यांनी वालुकाश्माचा कमकुवत भाग कण कण करून निघून गेला. वीज ही दंतकथा झाली. पण ती सांगणाऱ्याने भोके पाहिली होती. ती माणसाने पाडलेली नाहीत, वरून आलेल्या कुठल्यातरी शक्तीने ती झाली आहेत, एवढे त्याने ओळखले होते. इथेच मला पहिल्यांदा वाटले की दंतकथेतले कारण चुकले तरी तिच्यातले निरीक्षण बरोबर असू शकते.

रंगाविषयीही एक शब्द नोंदवायला हवा. ही चित्रे लाल दिसतात ती लोहयुक्त मातीमुळे, म्हणजे गेरूमुळे. गोव्यात आणि कोकणात याच जातीच्या तांबड्या रंगाला 'काव' म्हणतात. तिथल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर काव आणि चुना यांनी केलेली 'कावी' कला अजून पाहायला मिळते. त्या दोन कलांमध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे आणि परंपरेचा सरळ धागा जोडणे धाडसाचे ठरेल. पण वर्गात शैलचित्रांचा रंग समजावताना 'हेमेटाइट' म्हणण्याआधी 'काव' म्हटले तर मुलांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभे राहते, हा माझा अनुभव आहे.

घाट उतरून पश्चिमेकडे

जांबोटीच्या दक्षिणेकडील जंगलात बारापेडे नावाच्या नैसर्गिक गुहा आहेत. 2011 मध्ये जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात त्या येतात. तिथल्या वटवाघळाच्या एका जातीचे 1913 मध्ये शास्त्रीय वर्णन झाले, आणि पुढे कित्येक दशके ती जात जगात फक्त इथेच आहे असे मानले जात होते. 'आधीच राहणारे कोणीतरी असते' असे वर म्हटले, त्याचे हे उदाहरण. अशा विवरांत माणसाने घुसू नये. त्यांचे महत्त्व वेगळे आहे आणि ते शांततेवर टिकून आहे.

कणकुंबीहून पुढे चोर्ला घाट लागतो. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमा इथे एकमेकींना भिडतात. घाट उतरून केरीमार्गे साखळीला गेले की जवळच हरवळे गाव आहे. धबधब्यासाठी लोक तिथे गर्दी करतात. जांभ्या दगडात खोदलेली छोटी लेणी मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतात. त्यांच्या दालनांत शिवलिंगे आहेत आणि एका लिंगावर ब्राह्मी लिपीतील छोटा लेख आहे. ही लेणी मुळात बौद्ध होती की शैव, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गावकऱ्यांत मतभेद नाहीत. त्यांच्या लेखी ती पांडवांची लेणी आहेत.

सत्तरी तालुक्यात म्हाऊस गावी झरमे नदीच्या पात्रातील कठीण काळ्या खडकावर खोदचित्रे आहेत. पाणी ओसरल्यावर ती उघडी पडतात. वशिंड असलेले बैल त्यांत ठळक दिसतात. बैलाच्या आकृतीत वशिंड इतक्या मायेने काढणारा माणूस गुरे जवळून पाहणारा असणार, एवढे तर्काने म्हणता येते.

आणि दक्षिणेकडे, सांगे तालुक्यात रिवणच्या परिसरात, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ आहे. या जागेला फणसमळ असेही म्हणतात. नदीलगतच्या जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत : बैल, गवे, हरणे, मोर, एक नाचणारी वाटावी अशी स्त्री, आणि एकात एक वळत जाणाऱ्या रेषांचे मोठे वर्तुळ. त्यांच्या काळाबाबत एकमत नाही. दगडावर कोरलेल्या रेषेचे वय ठरवणे फार अवघड असते, कारण रेषेत कोळसा नसतो, हाड नसते. मोजता येईल असे काहीच तिने मागे ठेवलेले नसते.

ही जागा अभ्यासकांसमोर आली 1993 मध्ये. गोव्याच्या पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख डॉ. पी. पी. शिरोडकर आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले ते गावकऱ्यांनी सांगितल्यामुळे. गावकऱ्यांना ही चित्रे आधीपासून ठाऊक होती. ती गुराख्यांनी पायाच्या अंगठ्याने काढली, असे ते सांगत.

हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा हसले होते. दगडात अंगठ्याने चित्र कसे काढणार? पण जांभ्याचा स्वभाव समजल्यावर हसू ओसरले. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने केरळमधील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून त्याला 'लॅटेराइट' नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव देण्याचे कारण असे की जमिनीखालून नुकताच काढलेला हा दगड कुऱ्हाडीने तासता येतो इतका मऊ असतो, आणि उघड्यावर राहिला की त्यातील लोहामुळे कडक होत जातो. कोकणात आणि गोव्यात चिरे काढणाऱ्या प्रत्येक कामगाराला हे माहीत आहे. तेव्हा गुराखी आणि अंगठा ही कल्पना असली, तरी 'हा दगड कधीकाळी मऊ होता' हे तिच्या पोटातले ज्ञान खरे आहे. ती कथा रचणारा माणूस जांभा ओळखत होता. मी ओळखत नव्हते.

सड्यावरची चित्रे

उसगाळीमळ एकटे नाही. उत्तरेकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सड्यांवर अशाच कातळशिल्पांचा मोठा विस्तार आहे. सडा म्हणजे जांभ्याचे विस्तीर्ण, उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर रानफुलांचा गालिचा असतो आणि मे महिन्यात पाय ठेववत नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील सडे पायी तुडवून ही शिल्पे उजेडात आणली. कशेळीचा हत्ती तर एवढा प्रचंड आहे की जमिनीवर उभे राहून तो पूर्ण दिसत नाही, आणि त्याच्या शरीराच्या रेषेच्या आत इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. कोकणात आज नसलेला गेंडाही काही ठिकाणी अभ्यासकांनी ओळखला आहे. 2022 मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसमळ अशी नावे आहेत.

संशोधकांच्या कामाची पद्धत शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. सड्यांची व्याप्ती एवढी की नुसते चालून सगळे सापडणे अशक्य. म्हणून त्यांनी गावोगावच्या लोकांना, विशेषतः सड्यावर गुरे नेणाऱ्यांना विचारले. म्हणजे उसगाळीमळला जे घडले तेच इथेही घडले. अभ्यासकाच्या आधी गुराखी तिथे पोचलेला होता.

पांडव म्हणजे कोण?

आता त्या लाल रेघेकडे येते. हरवळ्याची लेणी पांडवांची. नाशिकची लेणीही 'पांडवलेणी'. आमच्या खानापुरातला किल्ला भीमगड. मध्य प्रदेशात, जिथे विष्णू श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये शैलचित्रांचा खजिना ओळखला आणि जे 2003 मध्ये जागतिक वारसा झाले, त्या भीमबेटका या नावातही भीमाची बैठक आहे. इतक्या ठिकाणी इतक्या निरनिराळ्या काळांतील कामे पांडवांनी केली असे कोणीही गंभीरपणे मानणार नाही. सांगणाराही बहुधा मानत नाही. मग तो नेमके काय सांगत असतो?

माझ्या मते लोकभाषेत 'पांडवांनी केले' हा कालवाचक प्रयोग आहे. 'शिवाजी महाराजांच्या काळातले' म्हणजे आठवणीच्या टप्प्यातले, गावाच्या नात्यातले. 'पांडवांच्या काळातले' म्हणजे आठवणीच्या पलीकडचे, आपण इथे येण्याच्या आधीचे, आपल्या कुळातल्या कोणी न केलेले. शिक्षित माणूस 'प्रागैतिहासिक' म्हणतो. त्या शब्दाचा अर्थही 'इतिहासाच्या आधीचे' एवढाच आहे, त्यात वर्ष नाहीच. दोन्ही शब्द एकच कबुली देतात. फरक इतकाच की एकाला आपण गुण देतो आणि दुसऱ्याखाली लाल रेघ ओढतो.

आणि आपणही पूर्ण सुटलेलो नाही. उसगाळीमळच्या त्या वळत जाणाऱ्या वर्तुळाला पाश्चात्त्य अभ्यासक 'लॅबिरिंथ' म्हणतात. तशी आकृती क्रीट बेटावरील क्नोसोसच्या प्राचीन नाण्यांवरही आहे. मराठी लेखनात तिला आपण काय म्हणतो? 'चक्रव्यूह'. महाभारत आपणही सोडलेले नाही.

कोंबडा आरवल्याने काम अर्धे राहिल्याची कथाही अशीच वाचता येते. ती बहुधा अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांविषयी आणि देवळांविषयी सांगितली जाते. म्हणजे सांगणाऱ्याला अपुरेपण दिसले आहे. छिन्नी कुठे थांबली, भिंत कुठे खडबडीत राहिली, हे त्याने टिपले आणि कारण म्हणून कोंबडा आणला. माझ्या विद्यार्थ्याच्या त्या एका वाक्यात दोन निरीक्षणे होती : ही जागा फार जुनी आहे, आणि ती अपुरी आहे. 'पुरावा?' असे विचारण्याऐवजी मी 'अर्धे राहिले हे कशावरून कळते?' असे विचारायला हवे होते. कदाचित तो मला तिथे घेऊन गेला असता.

नावाचा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या पठारांवर, मेसा व्हर्दे येथे, कड्यांच्या कपारींत दगडी घरे बांधून लोक राहत होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ती सोडली. त्या लोकांना अभ्यासक बराच काळ 'अनासाझी' म्हणत. हा शब्द शेजारच्या नवाहो लोकांच्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ साधारण 'शत्रूंचे पूर्वज' असा होतो. त्या कपारींत राहिलेल्यांचे आजचे वंशज म्हणजे पुएब्लो लोक. त्यांनी या नावाला हरकत घेतली आणि आता 'पुएब्लोंचे पूर्वज' असे म्हटले जाते. जागेजवळच्या माणसांना न विचारता दिलेले नाव किती काळ चालते, आणि ते बदलायला किती काळ लागतो, याचे हे उदाहरण आहे.

आपण काय करू शकतो

कातळशिल्पांना आज मोठा धोका चिरेखाणींचा, रस्त्यांचा आणि नकळत होणाऱ्या नासधुशीचा आहे. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा रंग भरणे, कपारीत चूल मांडणे, दगडावर नाव कोरणे, हे सहलीला आलेले सुशिक्षित लोकच करतात. मुलांना नेताना एवढे तरी बजावावे. रेषा दिसत नसतील तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. तिरप्या उजेडात उथळ रेषेलाही सावली येते आणि चित्र आपोआप उमटते.

दगडाइतकीच नावेही झिजतात. चिरा निघाला की चित्र जाते आणि गुराखी नसला की नाव जाते. गुरे घेऊन सड्यावर किंवा रानात जाणारी पिढी आता आमच्या भागात संपत आली आहे. भाषेच्या शिक्षकांना पुरातत्त्व येण्याची गरज नाही, पण ऐकून उतरवून घेणे आपल्याला येते. गावातील जागेचे नाव, ते मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये कसे उच्चारले जाते, तिची कथा, कथेतील बारीकसारीक तपशील, सांगणाऱ्याचे वय आणि काम, एवढे एका वहीत नोंदले तरी पुढच्या अभ्यासकाला दिशा मिळेल. सीमाभागात एकाच कपारीला दोन-तीन भाषांत नावे असतात. त्यांतले खरे कोणते असा वाद घालण्यापेक्षा सगळी लिहून ठेवावीत. प्रत्येक नावाने वेगळे काहीतरी पाहिलेले असते.

निबंध तपासताना लाल पेन मी अजून वापरते. व्याकरणाला त्याची गरज असते. पण 'गावात असे म्हणतात' असे वाक्य आले की त्यापुढे आता रेघ ओढत नाही. समासात लिहिते : 'कोण म्हणतात? त्यांना आणखी विचारून ये.'